किसन सरांचा हिंडणारा तारा

माझ्या नावापुढं नुसती गैरहजेरी मांडून किसन सरांचं समाधान व्हायचं नाही. बापाच्या मेंढरांमागं दोन-दोन महिने हिंडून मी डोंगरकड्याजवळच्या आमच्या शाळेत परतले, की ते इंग्रजीचा धडा थांबवून विचारायचे, "काय बाई, यंदा कुठं कुठं उगवलीस?" मी पुटपुटायचे, "जवळा बाजार... मग वसमतकडं." त्यांच्या वहीत जिल्ह्याचा नकाशा चिकटवलेला होता. त्यावर ते पेन्सिलीनं ठिपके द्यायचे आणि रेघेनं जोडायचे. पोरी ओढणीआड हसायच्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सरांना शब्दांचं वेड होतं. नांदेडच्या रद्दीतून आणलेले जाडजूड शब्दकोश हळदीच्या पोत्यात गुंडाळून सायकलवर यायचे. "शब्दाला गाव पुसा, लेकरांनो. गाव कळलं की माणूस कळतंय," हे त्यांचं पालुपद.

नववीत 'प्लॅनेट' शब्द आला आणि सर सुटले! म्हणाले, हा मूळचा ग्रीकांचा. बाकीचे तारे आपापल्या जागी, आणि हे पाच रोज सरकायचे, म्हणून त्यांना नाव दिलं 'हिंडणारे'. तोच शब्द फ्रेंचांनी नेला, स्पॅनिशांनी नेला. जर्मनांनी आपल्या भाषेत 'हिंडता तारा' केला, हंगेरीवाल्यांनी 'बोयगो', म्हणजे नुसताच भटक्या. "आन् आपला ग्रह? तो धरणारा, माणसाला झपाटणारा! आपण भेत बसलो, त्यांनी वाट मोजली."

मागून एक टवाळ ओरडला, "सर, मग ही बी भटकी प्लॅनेटच की!" वर्ग खदखदला. सर शांतपणे म्हणाले, "व्हय, बराबर बोललास. ग्रह चुकत न्हाई, हिंडतो. वाट ध्यानात ठेवली तर कुठं उगवंल ते आधी सांगता येतं." त्या दिवसापासून त्या ठिपक्यांची मला लाज वाटली नाही.

दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर चारा संपला. बापानं वसमतकडं निघायचं ठरवलं. आई नव्हती, भाकरी मीच थापायची, मागं राहायला घर नाही. मी रडून घेतलं आणि पुस्तकं बांधली. तेवढ्यात सर पालावर हजर!

"मास्तर, मेंढरांना पेपर कळत न्हाई," बाप म्हणाला. "हितं काय खडे खातील?"

सरांनी वही उघडून रेघ दाखवली. "तीन वरसं बगून राहिलो मी. तुमी हरसाल ह्याच वाटेनं जाता, ह्याच वाटेनं येता. यंदा तीन हप्ते उशिरा निघा. चारा माझ्याकडं लागला."

आमच्याकडं खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धनगराला दाणे देतात. सर बांधाबांधानं फिरले. कुणाचा हरभरा निघालेला, कुणाचा गहू. भेटेल त्याला आधी ग्रीक सांगायचे! एक म्हातारा वैतागून म्हणाला, "सर, ते गिरीक ऱ्हाऊ द्या, मेंढरं किती हायेत ते सांगा." तरी एकवीस दिवसांची रानं त्यांनी जुळवलीच. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. पाल गावाभोवती फिरत राहिलं आणि मी रोज नव्या दिशेनं परीक्षेला गेले. एकही पेपर बुडाला नाही.

मी पास झाले, पुढं मास्तरीण झाले. नोकरीच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात सर गेले. बाप तेव्हा वसमतला होता. निरोप मिळताच कळप वळवून तो थेट सरांच्या दोन एकर रानात आला. मीही पोचले. चार दिवसांनी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सुपात ज्वारी घेऊन बांधावर आल्या. बापानं सूप हातानं मागं सारलं.

"न्हाई माय. तवा त्यांनी मला थांबवलं. आता मी आपला होऊन थांबलो."

सरांच्या शब्दकोशांच्या पोत्यातली ती नकाशाची वही काकूंनी माझ्या हाती दिली. बाप माझ्या खांद्यावरून कितीतरी वेळ नकाशा बघत राहिला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण स्वतःची वाट ओळखू येत होती. मग त्यानं सरांच्या रानावर बोट ठेवलं.

"हितं एक ठिपका दे गं."