कोणता शब्द चुकला

नवागामच्या चहाच्या टपरीवर एक यंत्रमाग कामगार दुपारपाळीआधी यायचा. लूमच्या आवाजात कामगार एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, त्यामुळे बाहेरही तो प्रत्येक शब्द ओठांवर मोठा करून बोलायचा. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही.

एकदा त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. “कॉलेजवाले भाऊ, हाई काय लिखेल शे, वाच ना.”

त्याच्या कारखान्याला लागलेल्या आगीत त्याचा मागावरचा जोडीदार गेला होता. दार बाहेरून बंद होतं, असं त्यानं मोबाइलवरून टाकलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं. हे दुसरं कोणीच बोललं नव्हतं. आता त्या व्हिडिओच्या जागी इंग्रजीत एवढंच होतं, की सरकारी आदेशामुळे हा व्हिडिओ भारतात दिसणार नाही.

“मना कोनता शब्द चुकना, ते लिखेल शे का?”

“नाही, काका.”

टपरीवाला हसला, “अब तो अमेरिकावालेच देखेंगे तुमको!”

तो हसला नाही. “दारनी गोष्ट काढी टाकू का? मंग बाकी काय राहस?”

राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम आमच्या घरात वाचलेला मी पहिलाच. मला ते पाठही आहे. त्याला सांगावंसं वाटलं. पण शेजारच्या बाकावर दोन अनोळखी माणसं बसली होती. मी मोबाइल परत दिला आणि चहा संपवला.