मुओनियोत मामा कुठे जायचे

मामी फोनवर एवढेच म्हणाल्या, "अगं, मामा गेले तुझे." हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत माझे एक मापन अर्ध्यावर होते. ते पूर्ण केले, नोंदवले, आणि मग मामा-मामींच्या गावची, नेकारसुल्मची गाडी पकडली... अशा वेळी हात सरावाने काम करत राहतात, हे तोवर मला ठाऊक नव्हते.

श्रीकांतमामा ब्रेकचे अभियंता. मोटारींच्या हिवाळी चाचण्यांसाठी कंपनीने त्यांना प्रथम फिनलंडच्या उत्तरेला, मुओनियो नावाच्या लहानशा गावी पाठवले. तिथे गोठलेल्या तळ्यावर गाड्या पळवतात आणि थांबवून पाहतात. पुढे ते काम दुसऱ्यांकडे गेले, तरी मामा दर फेब्रुवारीत स्वतःची रजा टाकून तिथे जात राहिले. जंगलातल्या स्कीच्या वाटा, वाट अडवून उभे राहणारे रेनडिअर, पायाखाली बदलत जाणारा बर्फाचा आवाज... या सगळ्याचे वर्णन ते चाचणीचा अहवाल द्यावा तितक्या काटेकोरपणे करीत.

पहिल्या वर्षी स्कीच्या तळाला मेण लावायचे, तर मामांनी घरून नेलेले खोबरेल तेल चोपडले. बाहेर पडताच ते थिजले, त्याला बर्फाचे गोळे चिकटले, आणि मामा जागच्या जागी पाय उचलू लागले. मामा उतरत त्या केबिनचे मालक, वयोवृद्ध पेक्का, यांना तो भारतीय व्यायाम वाटला!

"घर्षणाचे तज्ज्ञ ना हो तुम्ही, मामा?" मी चिडवायची.

"गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणून तर ब्रेक असा उत्तम लागला."

मामी मात्र या किश्श्याला हसत नसत. थंडीत त्यांना दम लागतो. त्या कधीच गेल्या नाहीत, आणि मामांनीही पुढे विचारणे सोडले. या फेब्रुवारीसाठी त्यांनी घेऊन ठेवलेले केबिन मी रद्द करते म्हटले, तेव्हा मामी ताठ बसल्या.

"रद्द नको. मला बघायचंय, घर सोडून जावं असं तिथे काय होतं ते."

"अहो मामी, तुमचा दमा..."

"पंप घेईन बरोबर. आपला माणूस दरवर्षी आपल्याला टाकून कुठे जायचा, हे बायकोला कळायला नको?"

त्या आवाजात दुःखापेक्षा जुना सल अधिक होता. तर्काने उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता. मी दोन तिकिटे काढली.

पेक्कांनी शेगडी पेटवून ठेवली होती. एकच लाकडी खोली, आणि तळ्याकडच्या खिडकीशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या. मामींनी त्या पाहिल्या आणि अगदी हळू विचारले, "ह्यांच्याबरोबर आणखी कोण यायचं गं?"

मी पेक्कांना विचारले.

"कोणीच नाही. पण आल्याबरोबर टेबलाजवळच्या दोन्ही खुर्च्या तो इथे आणायचा, आणि संध्याकाळभर एकीवर बसायचा. दुसरीवर सामानसुद्धा ठेवू द्यायचा नाही. तुमच्याकडची रीत असेल, म्हणून आम्ही आता तशाच मांडून ठेवतो."

मी शब्दशः मराठीत सांगितले. मामी कोट न काढताच खुर्च्यांपाशी गेल्या.

"त्यांची कोणती, विचार."

पेक्कांनी डावीकडची दाखवली. मामी उजवीकडच्या खुर्चीत बसल्या. बाहेर तळ्यावरचा उजेड निळा होत गेला... चहाचे कप घेऊन मी डाव्या खुर्चीकडे वळले, तेव्हा खिडकीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या,

"तिथे नको गं. ह्यांची आहे ती."