रात्रपाळी मागणारा

"काही विशेष नाही, काका," असे म्हणत तो माझ्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवी. सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्याची ती सवय. कापलेल्या लोखंडाला कुठे धार राहिली आहे का, ते अंगठ्याने पाहायचे. पण हा कारखान्याबाहेरही खुर्चीचा हात, जिन्याचा कठडा, चहाच्या कपाचा काठ, सगळे तपासून पाही. आणि 'काही विशेष नाही' म्हणाला, की काहीतरी विशेष आहे असे खुशाल समजावे.

तहसील कचेरीबाहेर मी पुष्कळ वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या मसुद्यात वकील मंडळीसुद्धा सहसा हात घालत नाहीत, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. हा गृहस्थ आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत असे. त्याची पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी रीतीप्रमाणे माहेरी, सायखेड्याला गेली होती. ऐनवेळी तिला नाशिकला आणून सिझर करावे लागले. मुलगी झाली. पुन्हा माहेरी काही महिने राहून ती सासरी परतली, आणि थोड्याच दिवसांत तो माझ्या टेबलासमोर येऊन बसला.

"काही विशेष नाही, काका. कायम रात्रपाळी पाहिजे. कंपनीला तसा अर्ज द्या लिहून."

वाचकहो, रात्रपाळीतून सूट मागणारे मी उदंड पाहिले. ती मागून घेणारा हा पहिलाच.

"कारण काय घालू?"

"कारण पाहिजेच का?"

"कारणाशिवाय अर्ज म्हणजे खांबाशिवाय मांडव," मी म्हणालो.

मग तो तुकड्यातुकड्याने बोलला. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले होते, की टाके भरले आहेत, आता नवरा-बायको म्हणून राहायला हरकत नाही. मात्र तिच्या मनाने घ्या, दुखले तर थांबा, आणि लगेच दुसरे मूल नको. सासूबाईंचे म्हणणे, "पोट फाडलेलं हाय, वरीसभर लांब ऱ्हावा." कारखान्यातले मित्र म्हणत, "डॉक्टर हो म्हणली ना? मग मुहूर्त बघतो काय?"

"आणि ती काय म्हणते?"

"ती काहीच म्हणत नाही. मुलीला मध्ये घेऊन झोपते."

त्याने टेबलाच्या कडेवरचा अंगठा उचलून मुठीत घेतला.

"एकदा जवळ घेतलं होतं, काका. टाक्यावरून अंगठा फिरला. सवयीनं. ती एकदम आखडली आणि भिंतीकडं वळली. माझ्यापायीच कापलं ना तिला? घरात असलो की मन तिच्याकडं जातं. म्हणून घरातच नको."

सातबारा, वारसनोंद, शिधापत्रिका यांपैकी कशातही मी अडत नाही. या प्रकरणी मात्र माझी लेखणी थांबली. शेवटी 'कौटुंबिक अडचणीमुळे' असा सर्वसमावेशक शब्दप्रयोग मी योजला. अर्ज मंजूर झाला.

नंतर एका सुट्टीच्या सकाळी ती वर आमच्याकडे आली. मुलगी खांद्यावर झोपली होती. माझी पत्नी चहा टाकायला आत गेली.

"काका, त्यांच्या मोबाइलात अर्जाचा फोटो होता. कारण वाचलं मी. अडचण म्हंजी मीच ना?"

मी चष्मा पुसू लागलो.

"आई म्हणती, माघारी चल. पिशवी भरून ठेवलीय. तुमी फक्त खरं सांगा. पोट कापल्यापासून त्यांना माझी किळस येती का?"

अर्जदाराची गोष्ट तिसऱ्याच्या कानी घालू नये, हा आमच्या व्यवसायाचा दंडक. पण ही बाई तिसरी धरावी की कसे, हेच मला ठरवता येईना.

"अहो, बोला की," आतून पत्नी म्हणाली. "कचेरीत तर दिवसभर तोंड चालू असतं."

"त्यांचे म्हणणे असे," मी घसा साफ केला, "की आपल्या हातून तुम्हांस इजा होईल. किळस हा शब्द त्यांच्या बोलण्यात कोठेही आलेला नाही."

तिने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"इजा कसली? तिथं लय सुन्न झालंय. हात लागला तर आपलं अंगच वाटत नाय. मला वाटलं, त्यांनाबी ते परकं लागलं आसंल." मग खालच्या आवाजात म्हणाली, "भ्या वाटतं मला अजून. पण ते नकोत असं नाय."

"मग हे त्यांना सांगितलं का?" मी विचारले.

"सकाळी येत्यात अन् झोपत्यात. झोपलेल्या माणसाला काय सांगू?"

चहा तसाच ठेवून ती उठली. दारात वळून म्हणाली, "रात्रपाळी नको म्हणून दुसरा अर्ज लिवा. कारण तेच असू द्या."

काही महिन्यांनी त्यांनी कारखान्याजवळ खोली घेतली. तळमजल्यावर आता दुसरे कुटुंब आहे. त्या दोघांचे पुढे पूर्ववत झाले की कसे, मला ठाऊक नाही. आणि असल्या गोष्टीत पूर्ववत म्हणजे नेमके काय, हेही मला सांगता येणार नाही.

मला आठवते ती दुसऱ्या अर्जावर सही घ्यायला खाली गेलो तेव्हाची दुपार. दार उघडेच होते. बाळंतिणीचे पोट जुन्या सुती लुगड्याने बांधतात. सिझर म्हणून तिचे ते राहून गेले होते. लुगड्याचे एक टोक तिने पोटाशी धरले होते, दुसरे झोपेतून उठलेला तो हातात धरून उभा होता.

"कुठपर्यंत सुन्न आहे?" त्याने विचारले.

"इथून… हितवर."

"घट्ट होतंय का?"

"नाय. पण थांबा जरा."

तो थांबला. थोड्या वेळाने ती आपणहून एक वेढा फिरली, आणि लुगड्याच्या तेवढ्या लांबीने त्याच्या जवळ आली.

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि जिना चढू लागलो.