ताटावरचा तळहात

मेढ्यात शेजारच्या काकींकडे त्यांच्या नात्यातल्या एका नवरीचं केळवण होतं. मी वाढायला गेले होते. तिला त्या दिवशीच पाहिलं. रेशनची साखर महिनाभर साठवून काकींनी लाडू वळले होते. तिनं एक खाल्ला, ताटावर तळहात आडवा धरला आणि भाकरी-ताक मागितलं.

"नवरीनं न्हाई म्हणू नये," काकी म्हणाल्या.

"आवं काकी, हे सातवं घर हाय. समद्यांचं मन राखून आजारी पडले, तर हळदीला कोण बसंल? तुमी?"

मला ती उद्धट वाटली. पुढच्या वर्षी माझ्या केळवणांत मी प्रत्येक ताट संपवलं आणि हळदीला दुखतं पोट धरून बसले.

लेकीच्या केळवणात मात्र लाडू पुढे आले, तेव्हा तिच्या ताटावर पहिला तळहात माझा होता.