वर दोन मिरच्या

इंग्लंडात कॅनॉलवर लॉक असतात, म्हणजे बोटी वरखाली करायचे पाण्याचे मोठे हौद. अशा प्रत्येक हौदाला एक कोपरा असतो, तिथं पाणी फारसं हलत नाही. मग पानं, काटक्या, कुणाचा टेनिसबॉल, कुणाची एक चप्पल असं सगळं तिथं येऊन थांबतं. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. साचले!

ग्रुप म्हणजे तीन जोडपी. अविनाश सर्जन, त्याची बायको मीना त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. शरद ब्रॅकनेलला कॉम्प्युटरवाला, त्याची वैशाली. आणि कॉव्हेंट्रीचे आम्ही: मी कौन्सिलमध्ये इंजिनीअर, आणि सुमन. दर ऑगस्टमध्ये एक लांबट, अरुंद बोट भाड्यानं घ्यायची आणि कॅनॉलनं बाथ शहरात जाऊन राहायचं, असा आमचा काही वर्षांचा रिवाज. बोट मी चालवायचो. ती माणसाच्या चालीनंच जाते, त्यामुळे सुमन काठाकाठानं चालायची आणि भेटेल त्याच्याशी बोलायची. आम्हा दोघांच्या वाटचं बोलणं तीच उरकायची. मला ते सोयीचं होतं.

या फेब्रुवारीत सुमन गेली. जूनमध्ये अविनाशचा फोन आला. "मध्या, बोट बुक केलीय. नेहमीचीच." मी म्हटलं, बघू. मला भीती बोटीची नव्हती, बाथच्या भाजीवाल्याची होती! तिच्याशिवाय त्या गावात मला कोण ओळखणार?

पण ते नंतर. आधी बाकीचे.

*

पहिल्या वर्षी बोटवाल्यानं अर्धा तास शिकवलं. इंजिन, सुकाणू, दोऱ्या. शेवटी शरदनं शाळेतल्यासारखा हात वर केला. "ब्रेक कुठे आहेत?"

"नाहीत."

"मग थांबायचं कसं?"

"ते जरा आधी ठरवावं लागतं," बोटवाला शांतपणे म्हणाला.

निघालो. थोड्याच वेळात एक बाई बाबागाडी ढकलत काठावरून आली आणि आम्हाला मागे टाकून गेली. अविनाश मोटरवेवर कुणाला पुढे जाऊ देत नाही. तो पुढच्या टोकाला उभा राहून ओरडला, "अरे, आपल्याला बाबागाडीनं ओव्हरटेक केलं!"

काठावरून सुमनचा आवाज आला, "भावजी, हळू! बाळ झोपलंय त्यात."

*

बाथ म्हटलं की लोक जे बघतात ते अविनाशला सगळं बघायचं होतं. रोमन लोकांचं स्नानगृह, उघड्या छताची बस, सगळं. सुमन म्हणाली, "बघू की. पण आधी भाजी घेऊ. भाजी घेतल्याशिवाय मला गावात आल्यासारखं वाटत नाही."

पुलाजवळच्या मार्केटात एक धिप्पाड, लाल गालांचा भाजीवाला होता. सुमननं बटाटे, पालक, फ्लॉवर घेतला, पैसे दिले आणि कापडी पिशवी उघडी धरून उभी राहिली. तो बघतोय. ही उभीच.

"आणखी काही?"

"वर दोन मिरच्या."

"मिरच्या हव्यात? त्या अशा—"

"विकत नकोत. वर! आमच्याकडे एवढी भाजी घेतली की वर दोन मिरच्या देतात."

मागे रांग लागलेली. मी एका फ्लॉवरचं बारकाईनं निरीक्षण सुरू केलं. भाजीवाल्यानं क्षणभर विचार केला, दोन मिरच्या उचलल्या आणि पिशवीत टाकल्या. "देअर यू गो, माय लव्हर!"

अविनाश हादरला. "हा काय म्हणाला वहिनींना?"

त्या भागात ते बाई-बाप्या सगळ्यांनाच म्हणतात. आमच्यामागच्या आजोबांनाही तो तेच म्हणाला. तरी बोटीवर पोचेपर्यंत अविनाश माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होता.

पुढच्या वर्षी त्याच भाजीवाल्यापुढे सुमननं पिशवी उघडली. दोन मिरच्या पडल्या. "गेल्या वर्षी चार होत्या," ती बिनदिक्कत म्हणाली.

"गेल्या वर्षी दोनच होत्या, माय लव्हर, आणि ते तुला ठाऊक आहे!" असं म्हणत त्यानं तिसरी टाकली.

तेव्हापासून दर वर्षी तोच संवाद. शब्द न् शब्द तोच. ती म्हणायची चार, तो म्हणायचा दोन, आणि तीनवर मिटायचं. मी शेजारी फ्लॉवर बघत उभा.

*

लॉकच्या झडपा उघडायला एक लोखंडी हँडल असतं. पहिल्याच लॉकवर ते अविनाशच्या हातून सटकलं. डुबुक!

मीना पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघत राहिली. "आणि हे पेशंटच्या पोटात राहिलं असतं तर?"

"तिथं सापडलं असतं!" अविनाश म्हणाला.

पुढच्या वर्षी मीनानं हँडलला परकराची नाडी ओवून ती त्याच्या मनगटाला बांधली. एवढा मोठा सर्जन, पण निमूट हात पुढे करून उभा होता.

*

बाथच्या लॉकशेजारी बाकं आहेत. गावातले लोक तिथं सँडविच घेऊन येतात आणि बोटीवरच्या नवख्यांची फजिती बघतात. सल्ला द्यायचा नाही, हसायचं नाही, फक्त बघायचं. सुमनला हा प्रकार इतका आवडला की आमची एक दुपार त्या बाकावर ठरलेली. सोबत थर्मासमध्ये आल्याचा चहा. फक्त तिला गप्प बसणं जमायचं नाही. ती मराठीतून धावतं वर्णन करायची.

एकदा एक गोरा मुलगा हातात दोरी घेऊन गोल गोल फिरत होता. बोट पाण्यात आडवी झालेली. डोळ्यांवर टोपी ओढलेली एक मुलगी एकटी बोट ढकलत होती. सुमन म्हणाली, "हा पोरगा हिच्या काही उपयोगाचा नाही बाई!"

मुलगी थांबली. वळली. "काकू, तो युजफुल आहे. फक्त बोटीवर नाही!"

एडिनबराच्या एका मराठी डॉक्टरांची मुलगी निघाली. तन्वी. जन्म तिकडचाच. आम्हाला लाजेनं कुठे बघावं कळेना. सुमनला कसली लाज! "अगं, मग आधी नाही का सांगायचं? जेवलात का?"

"नाही ना काकू. आमचा बोट अडकला."

दोघांना आमच्या बोटीवर पिठलंभात झाला. पुढे त्यांच्या लग्नाला आम्ही सगळे एडिनबराला गेलो. सुमननं नवऱ्या मुलाला आहेर काय दिला असेल? बोट बांधायची दोरी. चांगली जाड!

*

एका वर्षी नारळी पौर्णिमा नेमकी ट्रिपमध्ये आली. मीना अलिबागकडची. पौर्णिमेला पाण्याला नारळ वाहायचा म्हणजे वाहायचा. समुद्र नाही तर कॅनॉल! तिनं नारळाला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि पाण्यात सोडला.

समुद्र नारळ घेऊन जातो. कॅनॉलला कुठे जायचंच नसतं. नारळ बोटीला टेकून टक टक करत राहिला. सकाळी निघालो तर बराच वेळ आमच्या मागेमागे आला. मग एका वळणावर दिसेनासा झाला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

परतीच्या वाटेवर, काठाला लागलेल्या एका बोटीतून एक बाई हात करायला लागली. ती त्या बोटीतच राहणारी. हातात मासे धरायची जाळी, जाळीत नारळ! "तुमचं हे पडलं होतं. मी सांभाळून ठेवलंय."

मीना पांढरीफटक. वाहिलेला नारळ परत कसा घ्यायचा? "देवानं नाकारला!"

काठावरून चालणाऱ्या सुमननं तो दोन्ही हातांनी घेतला. "नाकारला कशानं? प्रसाद पाठवलाय त्यानं. किती लांबून!"

बोट तिथंच बांधली आणि संध्याकाळी नारळीभात झाला. पहिली वाटी त्या बाईला. तिनं वाटी चाटूनपुसून परत दिली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन पाडा!"

*

तर या ऑगस्टला गेलो. पहिल्या सकाळी मी सुकाणू धरलं आणि बघतो तर काठावरून वैशाली चालतेय! कारपार्कपासून दुकानापर्यंत चालायला कुरकुरणारी वैशाली, नवे पांढरे बूट घालून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "मॉर्निंग!" म्हणत. दुपारपर्यंत तिच्या टाचांना फोड आले. मी म्हटलं, पुरे, ये आता बोटीत.

"तुम्ही गप्प बोट चालवा," ती म्हणाली.

बाकावरच्या दुपारचा थर्मास शरदनं भरला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आलं किसलं असावं. एका घोटात कान गरम झाले. मी दोन कप प्यालो. इतका चांगला चहा मी कित्येक महिन्यांत प्यालो नव्हतो, आणि हे मी त्याला सांगितलंही.

भाजीचं काम मात्र कुणीच उचललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीनानं सुमनची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "भावजी, बटाटे, पालक. आणि फ्लॉवर चांगला असला तर."

"तूही चल ना."

"मला कांदे चिरायचेत."

ओट्यावर एकही कांदा नव्हता.

मार्केटात तो होता. तसाच, लाल गालांचा. मला बघून त्यानं माझ्या मागे नजर टाकली. "मॉर्निंग! आज बॉस कुठाय?"

मी सांगितलं. फेब्रुवारीत गेली, एवढंच.

त्यानं बटाटे तोलले. पालक दिला. एक फ्लॉवर उचलला, परत ठेवला, मागच्या क्रेटमधला दुसरा काढला. पैसे घेतले. मग दोन मिरच्या पिशवीत टाकल्या. मी पिशवी ओढली, पण त्यानं ती सोडली नाही. एका हातानं पिशवी धरून माझ्याकडे बघत उभा राहिला.

मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं. तो उभाच.

मी जन्मात कुणाशी घासाघीस केलेली नाही. या वेळी बघायला फ्लॉवरही नव्हता, तो पिशवीत गेला होता.

"गेल्या वर्षी," मी म्हटलं, "चार होत्या."

"गेल्या वर्षी दोनच होत्या, माय लव्हर," तो म्हणाला, "आणि ते तुला ठाऊक आहे!"

आणि त्यानं तिसरी टाकली.