तीस हॅशटॅग, पण मिल्टन नाही
सतरा सालच्या जुलैत माझी नोकरी गेली. टोरांटोचं ऑफिसच बंद झालं. टोरांटोजवळच्या मिल्टन गावात आमचं घर, तिथे दोन आठवडे मी नुसत्या येरझारा घातल्या. मग ठरवलं, चकल्या करून विकायच्या. माझी चकली मोडली की कट्ट वाजते, उगाच नाही सांगत. दिवाळीपर्यंत ऑर्डरी आल्या तर ठीक, नाहीतर मुकाट्याने वेअरहाऊसच्या शिफ्टसाठी अप्लाय करेन, असं नवऱ्याला सांगून बसले. बोलायला काय जातंय!

लेकीने फोनवर अकाउंट उघडून दिलं, हॅशटॅग कसे टाकायचे ते दाखवलं. झालं, मी सुटलेच. एकेका फोटोखाली तीस-तीस: #चकली, #खमंग, #दिवाळीफराळ, #पुणे, #नागपूर, #आईच्याहातचं. लाइक्स ढिगाने. सांगलीची कोण कुठली बाई रोज 'तोंडाला पाणी सुटलं' लिहायची. ऑर्डर मात्र एक नाही. भाजी परतताना फोन बघ, कपड्यांच्या घड्या घालताना बघ, ग्रोसरीच्या रांगेत बघ. नवरा कामावरून आला की आधी माझं तोंड बघायचा आणि काहीच विचारायचा नाही. ते न विचारणंच मला जास्त झोंबायचं.

एकदा लेक खांद्यावरून डोकावली. "आई, हू इन नागपूर इज गोइंग टू ड्राइव्ह टू मिल्टन?" तिचं म्हणणं, मिल्टनची माणसं मिल्टनच शोधणार. तीस नकोत, पाचच टाक, पण गावाचं नाव टाक.

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसले. खरं तर तिला बरोबर कळलं होतं. गावाचं नाव मी मुद्दामच टाकत नव्हते. टाकलं तर मराठी मंडळातल्या बायकांना दिसणार. गणपतीत त्यांनी "ऑफिस काय म्हणतंय?" विचारलं, तेव्हा "मस्त चाललंय" म्हणून मी मोकळी झाले होते. दुकान उघडायचं आणि पाटी भिंतीकडे तोंड करून लावायची, असला माझा कारभार.

दिवाळी आठ दिवसांवर आली. वेअरहाऊसचा फॉर्म अर्धा भरून झाला होता. स्वतःवरच चिडून मी पंचवीस हॅशटॅग खोडले, मिल्टनचा टाकला आणि फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली ऑर्डर आली. मंडळाच्या अध्यक्षबाईंची!

त्या स्वतः घ्यायला आल्या. गाडी दोन घरं पलीकडे लावलेली, जॅकेटची टोपी कपाळापर्यंत ओढलेली. डबा हातात घेऊन कुजबुजल्या, "अगं, मंडळात बोलू नकोस हं. शनिवारी मंडळाच्या फराळाला मी घरच्या म्हणून नेणार आहे. हात दुखतात गं आता, सोऱ्या फिरत नाही. पण लोकांना कशाला कळायला हवं?"

मला हसूही आलं आणि रडूही. हेच तर मी तीन महिने करत होते.

"काकू, तुमचं नाव नाही घेणार," मी म्हटलं. "पण शनिवारी सगळ्यांसमोर माझं घेणार. नोकरी गेल्याचं सांगणार आणि चकल्या विकते हेही सांगणार."

खिशात फोन वाजला. पहिल्यांदाच मी तो लगेच काढला नाही.

काकूंनी डबा पोटाशी धरला. "मग ह्या माझ्या आहेत असं कसं म्हणू मी?"

"नका म्हणू," मी म्हटलं.