भिंत भाजणारा कण

हे मी आजवर कुणापाशी काढलं नाय. नवऱ्यापाशी नाय, देवापाशीही नाय — त्याच्यासमोर बसले की मी भलतंच बोलत राहायचे, पावसाचं, गुडघ्यांचं. तुमच्याशी बोलते, कारण तुमी मला ओळखत नाय. बसा जरा. बोलकी बाई मी, वळणं घेत येईन — पण येईन.

आमचं गाव धसईच्या अलीकडे. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण वाचायची खोड. शहापूरला गेले की वाचनालयातून पुस्तक आणायचं, तेही सूर्य, तारे, अणू असलं. बायका म्हणायच्या, "मोठ्या आईला विचारा, तिला सगळं ठाऊक." खरं सांगू? त्या एका वाक्यावर मी जगायचे.

मग प्रगती शिकली. माझी धाकटी जाऊ वंदना, तिची ही एकुलती पोर. बाप लहानपणीच गेलेला. पोरगी एम.एस्सी. झाली आणि गुजरातेतल्या एका संशोधन केंद्रात तिची निवड झाली. सूर्यासारखी आग चुंबकाच्या कुंपणात धरून ठेवायची, तसलं काम.

त्या उन्हाळ्यात आमी राब भाजत होतो. भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पाला अंथरायचा, वर बारीक माती, आणि वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचं. म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळू सरकते, ऊब मातीत उतरते. प्रगती म्हणाली, "मोठी आई, आमचं पण असंच गो. त्या आगीत अल्फा नावाचा कण जन्मतो, भन्नाट वेगाचा. आतच फिरत राहिला, धडकत धडकत ऊब शेजाऱ्यांना दिली, तर आग आपल्याआप पेटती राहते. पण ऊब द्यायच्या आधीच निसटला, तर आग थंडावते आणि भिंत भाजते. ते का निसटतात, तेच मी शोधणार."

"म्हणजे बॉम्बच की," मी म्हटलं. शहाणपणानं म्हटलं, चार बायकांसमोर.

ती हसली. "बॉम्ब कुठला गो! आणि माझं सगळं काम संगणकावर. साधा चटका बसायचा नाय मला."

बायकाही हसल्या. एक म्हणाली, "मोठ्या आईची शाळा सुटली वाटतं!"

एवढंच. एवढंच झालं होतं — आणि ते मी कारण म्हणून सांगत नाय. एवढ्यानं कुणी कुणाचं असं करतं?

दुसऱ्या दिवशी वंदना माझ्या ओटीवर आली. "ताई, तुमी वाचलेल्या. पोरीला तिथं धोका नाय ना?"

नाय म्हणायला किती वेळ लागतो? मला ठाऊक होतं. पोरीनंच मला समजावलं होतं. आणि मी — मी नवं खोटंसुद्धा रचलं नाय, तिचेच शब्द उचलले. "अगो, ते कण निसटतात. लोखंडाची भिंत भाजतात. मग बाईच्या पोटाचं काय? कूस जळेल तिची." वंदना पांढरीफटक पडली. मी तिचा हात धरला. "पण माझं नाव काढू नको. पोर माझ्याशी बोलायची नाय. माझ्या गळ्याची शपथ घे." तिनं घेतली.

पोरीला जाऊ देणार नाय म्हणत वंदनानं अन्न सोडलं. प्रगतीनं परोपरीनं सांगितलं, रडली, शेवटी माझ्याकडे धावत आली. "तू सांग ना तिला, मोठी आई. तुझं ती ऐकते. तुला तर सगळं कळतं."

मी म्हटलं, "मी सातवीवाली बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

तिचा चेहरा उतरला. मी तो बघितला. बघत राहिले. तिला हसताना बघितलं होतं ना — तसंच, निवांत.

ती गेली नाय. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आता धसईला पोरांच्या शिकवण्या घेते. आईशी ती कामापुरतंच बोलायची — वाढलंय, गोळी घे. बाकी सगळं माझ्याशी. ओटीवर आमी दोघी हसत बसायचो आणि समोरच्या दारात वंदना एकटी तांदूळ निवडत असायची. मला वाईट वाटायचं म्हणता? गोड वाटायचं.

परवाच्या थंडीत वंदना गेली. शेवटचं पाणी चमच्यानं मीच पाजलं. तिनं माझ्याकडे बघितलं, प्रगतीकडे बघितलं, आणि पाणी गिळलं. शपथ पाळली तिनं. आता हे जाणणारी मी एकटी.

तुमी मला काय म्हणाल, ते मी विचारत नाय.

यंदाचा राब आमी दोघींनीच भाजला. प्रगती काठीनं पाला सारखा करत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठी आई, आईच्या डोक्यात ते कुणी भरवलं असेल गो?"

"लोकांच्या जिभेला हाड असतं का?" मी म्हटलं.

एका जागी माती सरकून जाळ वर आला होता. मी ओंजळभर माती टाकून तो दाबला.

"बरं केलंस," ती म्हणाली.